गरुडासमोरचं आसन

“पण आक्का, ज्याच्यापुढे हात जोडायचे तोच जागेवर नाही, मग हा बिचारा इथे बसून करतोय तरी काय?”

तुंगाक्का उकडलेल्या शेंगा फोडत होत्या. त्यांनी एक दाणा तोंडात टाकला. दात कधीच रजेवर गेलेले, त्यामुळे तो दाणा बराच वेळ या गालातून त्या गालात फिरत राहिला.

“बघतोय,” त्या म्हणाल्या.

“काय बघतोय?”

“ते मला काय ठावं? मी हितं बसलीया, त्यो तिथं बसलाय.”

अच्युतराव सबनीसांनी कपाळाला हात लावला. पुण्याहून ते या मठात येत होते त्याला आता वर्ष होत आलं होतं. दर खेपेला हाच प्रश्न आणि दर खेपेला उत्तर नवं. मागच्या वेळी आक्का म्हणाल्या होत्या, “दमलाय, बसलाय.” त्याच्या आधी म्हणाल्या होत्या, “त्यालाच इचार.”

कृष्णाकाठचा हा मठ म्हणजे एक ओटा, एक पडवी आणि एक चूल. त्या ओट्यावर एक लाकडी गरुड गुडघा टेकून बसला होता. पंख मिटलेले, छातीशी हात जोडलेले, मान किंचित वर. विष्णूच्या देवळात देवासमोर गरुड असतोच. पण इथे त्याच्यासमोर देव नव्हता. गुडघ्याएवढा एक काळा दगडी चौरंग होता आणि त्यावर रोज एक ताजं फूल असायचं. बस्स.

त्या आसनावरचा विष्णू कुठे गेला हे कुणालाच सांगता येत नसे. कुणी म्हणे पुरात वाहून गेला. कुणी म्हणे चोरांनी नेला. मठात भाकऱ्या थापणारे बाळोबा तर खासगीत सांगत की तो रुसून गेलाय, येईल राग उतरला की.

अच्युतरावांना विष्णूशी कर्तव्य नव्हतं. विष्णू त्यांच्याकडे होता. त्यांना गरुड हवा होता.

कारखाना मुलाच्या हाती दिल्यापासून अच्युतरावांनी एकच ध्यास घेतला होता. त्यांच्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर ब्रह्मदेशातला सोनेरी मुलाम्याचा बुद्ध होता, नेपाळची पितळी तारादेवी होती, जावा बेटावरचे कोरीव मुखवटे होते, केरळातल्या रथाचे लाकडी घोडे होते. प्रत्येकाला काचेचं कपाट, प्रत्येकावर दिवा. हवा कोरडी ठेवायला यंत्र. घरातल्या माणसांना उन्हाळ्यात पंखा आणि देवांना थंडगार हवा, असा तिथला न्याय होता. सूनबाई चेष्टेने म्हणायच्या, “पुढच्या जन्मी मला मामंजींच्या घरची तारा कर रे देवा.”

आणि मधोमध तो विष्णू. काळ्या पाषाणाचा, ओठांच्या कडेला हसू उमटत असलेला. परदेशातल्या एका लिलावातून अच्युतरावांनी तो मिळवला होता. त्यासाठी त्यांनी आवडती शेतजमीनसुद्धा विकली होती. विष्णूपुढची जागा मात्र मोकळी होती. तिथे आजवर बरेच गरुड उभे राहून गेले होते, पण एकही शोभला नव्हता. मग कुणीतरी या मठाचं नाव सांगितलं. इथला गरुड बघितला त्या दिवसापासून अच्युतरावांना घास गोड लागेना.

“आक्का, सरळ बोलतो,” ते म्हणाले. “माझ्याकडे देव आहे, भक्त नाही. तुमच्याकडे भक्त आहे, देव नाही. या दोघांची गाठ घालून देणं हे पुण्याचं काम नाही का?”

“हाय की.”

“मग?”

“अडलंय कुणाचं?”

“म्हणजे?”

“गरुड काय माझ्याकडं रडत आला न्हाई, का मला पुण्याला पोचव म्हणून. तू आलायस. म्हंजी अडलंय तुझ्या देवाचं.” आक्कांनी पुढची शेंग फोडली. “अडला हरी…”

पुढची म्हण त्यांनी पुरी केली नाही, पण बाळोबा चुलीपाशी खुसखुसले. म्हणीतलं गाढव नेमकं कोण, हे त्यांना न सांगताच कळलं असावं.

“माझा विष्णू परदेशी कैदेत होता, आक्का. मी त्याला सोडवून आणला.”

“आन् आता कुठं आसतोय?”

“काचेच्या कपाटात. कुलूप आहे. पहारा आहे. कसली भीती नाही.”

“आसं…” आक्का म्हणाल्या. “बरं केलंस बाबा. सोडवलास.”

आक्का खरंच कौतुक करत होत्या की काय, ते अच्युतरावांना उमगेना. त्यांनी विषय सोडला आणि खिशातून भिंग काढलं.

आज त्यांनी जय्यत तयारी केली होती. बाहेर गाडीत कापसाने भरलेली मोठी लाकडी पेटी होती. मठाला नवं छप्पर घालून देण्याचा प्रस्ताव होता. आणि इतकं करून आक्कांनी नाहीच म्हटलं, तर निदान चांगले फोटो घेऊन जायचे, म्हणून मोठा कॅमेराही होता.

त्यांनी गरुडाभोवती एक फेरी मारली.

“डावा पंख नंतर जोडलेला आहे,” ते स्वतःशीच बोलत होते. “नाक मूळचं. रंग उडालाय, पण लाकूड ठणठणीत. हातांची झीज… अहाहा!”

ही झीज हीच तर खरी चीज होती. या मठाचा रिवाज जगावेगळा. इथे येणारा माणूस आपले हात जोडत नाही. गरुडाचे जोडलेले हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरतो, क्षणभर थांबतो आणि जातो. पिढ्यान्‌पिढ्या हे चाललेलं. त्यामुळे गरुडाच्या बोटांच्या रेघा पुसून गेल्या होत्या आणि ते हात नुकत्याच धुतलेल्या सुपारीसारखे गुळगुळीत झाले होते. अशी झीज खोटी करता येत नाही, हे अच्युतरावांइतकं कुणाला ठाऊक? त्यांनी भिंगातून त्या हातांचा इंच न् इंच पाहिला होता. हातात मात्र कधी धरले नव्हते. घामाने लाकूड खराब होतं.

त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. गरुड चौकटीत मावेना. ते एक पाऊल मागे सरले. पंखाचं टोक अजून बाहेरच. आणखी मागे सरले. आणखी थोडे…

गुडघ्यामागे काहीतरी लागलं आणि अच्युतराव धपकन खाली बसले.

बाळोबांच्या हातातली भाकरी तव्याऐवजी राखेत पडली.

“अवं सायेब! कुटं बसलासा!”

अच्युतरावांनी खाली पाहिलं. ते त्या काळ्या चौरंगावर बसले होते. आजचं ताजं फूल त्यांच्या बुडाखाली चेंगरलं होतं.

ते दचकून उठू लागले, तोच आक्कांचा आवाज आला.

“बस.”

“आक्का, माफ करा, माझं लक्ष…”

“बस म्हणते न्हवं. आसनावर बसलेल्याला उठवायचं न्हाई, आसा ह्या मठाचा नेम हाय. माझ्या गुरूंनी मला सांगितला. बाळोबा, ह्याला उठवू नगंस हां.”

“अवं आक्का, पर ती देवाची जागा…”

“व्हय. देवाचीच हाय. त्यो सरकला आसंल वाईच.”

आक्का उठल्या. परडीतलं दुसरं फूल घेऊन त्यांनी ते अच्युतरावांच्या मांडीवर ठेवलं. मग चार पावलं मागे जाऊन त्यांनी तिरक्या मानेने पाहिलं. भिंतीवर फोटो सरळ लागलाय की नाही हे बघावं तसं.

“मागं एकदा वासरू येऊन बसलं हुतं,” त्या म्हणाल्या. “त्याची बी आरती केली आमी.”

“म्हणजे… माझी आरती करणार तुम्ही?”

“सांजच्याला. तवर बसशील?”

पुण्यात कारखान्याचे सगळे कामगार ज्यांना उठून नमस्कार करत, ते सबनीस साहेब वासराच्या पंगतीला जाऊन बसले होते. ते पुन्हा उठू लागले.

“न्हाई बसायचं तर ऊठ बापडा,” आक्का म्हणाल्या. “आपण हून उठणाऱ्याला आडवायचं बी न्हाई. पर सांजच्या आरतीपतोर बसलास, आन् मग उतरून गरुड मागितलास, तर देते तुला.”

अच्युतराव उठता उठता थांबले.

“काय म्हणालात?”

“देते म्हणाले.”

“शब्द?”

“शब्द. छप्पर बी नगं.”

अच्युतराव पुन्हा बसले. या खेपेला नीट, मांडी घालून.

चूल सोडून बाळोबा धावत आले. “आक्का, आपला गरुड? गावाला काय सांगायचं?”

“भाकरी करपतीया बग,” आक्का म्हणाल्या.

सूर्य अजून डोक्यावरही आला नव्हता. पण एका दुपारचा तर प्रश्न. लिलावात परदेशी शेठ लोकांसमोर डोळ्याची पापणी न हलवता बसलेला माणूस हा. बसणं तर त्यांच्या हातचा मळ होता.

बातमी मात्र गावात वाऱ्यासारखी पसरली. मठात देव आलाय म्हणून बाया पदर सावरत आल्या, म्हातारे काठ्या टेकत आले. दारात उभा असलेला ड्रायव्हर मुश्ताक आधी घाबरला. मग काय प्रकार आहे ते कळल्यावर तोंडावर रुमाल धरून गाडीमागे गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

“आवंदाचा देव भारी दांडगा हाय,” एक म्हातारा म्हणाला.

“आन् चष्मा बी हाय,” त्याची बायको म्हणाली.

“जुना हाय का वं आक्का?”

“साठीच्या म्होरचा आसंल.”

“नाक?”

“मूळचं,” आक्का गंभीरपणे म्हणाल्या. “दात नंतर जोडल्यात.”

अच्युतरावांनी तोंड मिटून घेतलं.

“रंग उडालाय,” म्हाताऱ्याने जवळ येऊन निरखलं. “डोक्यावर तर पारच उडालाय. पर लाकूड ठणठणीत हाय.”

पडवीत हशा पिकला. अच्युतरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. उठावं आणि चालू पडावं असं त्यांना मनापासून वाटलं. पण समोर गरुड होता. संध्याकाळनंतरचा त्यांचा गरुड. ‘हसा लेको,’ ते मनात म्हणाले, ‘हसतील त्यांचे दात दिसतील.’

देवपण काही सोपं नसतं, हे त्यांना हळूहळू कळू लागलं. एका बाईने त्यांच्या पायांवर पाणी घातलं. थंडगार. दुसरीने कपाळाला गंध लावलं, त्याचा ओघळ चष्म्यावर आला आणि पुसायला हात उचलला तर बाळोबा डोळे वटारू लागले. नैवेद्य म्हणून झुणका-भाकरी समोर आली. भूक तर सपाटून लागलेली! ताटाभोवती पाणी फिरवलं गेलं, डोळे मिटले गेले, आणि पाठोपाठ ताट उचलून प्रसाद म्हणून सगळ्यांना वाटलंही गेलं. देवाच्या वाट्याला वास तेवढा आला.

“आक्का,” ते दबक्या आवाजात म्हणाले, “मला…?”

“देव मागत न्हाईत,” आक्का म्हणाल्या. थोड्या वेळाने मात्र कुणाचं लक्ष नाही असं बघून त्यांनी शेंगांची एक मूठ त्यांच्या हातात कोंबली.

मग गाऱ्हाणी सुरू झाली. कुणाची म्हैस आटली होती. कुणाच्या जावयाला तंबाखू सोडवेना. एका बाईने सुनेबद्दल तक्रार केली आणि तिची पाठ वळताच त्याच सुनेने येऊन सासूबद्दल केली. अच्युतरावांना आधी हसू आलं, मग कंटाळा आला. मग मात्र त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली आणि ते जरा अस्वस्थ झाले.

चेष्टा करताना सगळे त्यांच्याकडे बघत होते. पण प्रत्येक जण जाण्याआधी गरुडापाशी थांबायचा, त्याचे हात आपल्या तळव्यांत धरायचा आणि मग आसनाकडे बघायचा. तेव्हा मात्र कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. नजर त्यांच्यावर यायची आणि ते तिथे नसल्यासारखी पुढे जायची.

ऊन उतरल्यावर हौसाबाई नावाची एक म्हातारी आली. तिला कुणी काही सांगितलं नसावं, किंवा सांगूनही तिने ऐकलं नसावं. ती गरुडाशेजारी खाली बसली, त्याचे हात धरले आणि बोलू लागली.

“मागल्या बारीला मागितलं ते मिळालं,” ती म्हणाली. “नातीचे डोळं बरं झालं. आज काय मागायला आले न्हाई. नुसतं बसायला आले.”

ती नुसती बसली. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की अच्युतरावांनी हातातल्या शेंगा हळूच खाली ठेवल्या. आयुष्यभर त्यांनी देवांचे चेहरे पाहिले होते. नाकाची ठेवण, ओठांची मुरड, डोळ्यांची घडण. असा चेहरा त्यांच्या एकाही कपाटात नव्हता.

ती कुणाकडे बघतेय?

अच्युतरावांना राहवलं नाही. त्यांनी मान वळवून मागे पाहिलं.

मागे भिंत होती. दिव्याच्या काजळीने काळवंडलेली आणि त्यावर एक पाल.

“काय दिसलं?” शेंगांच्या सालांचा ढीग गोळा करता करता आक्कांनी विचारलं.

“भिंत.”

“बरं,” आक्का म्हणाल्या.

हौसाबाई गेली. पडवी रिकामी झाली. आता समोर फक्त गरुड होता आणि त्याला असं समोरून, त्याच्या देवाच्या जागेवरून, अच्युतराव पहिल्यांदाच बघत होते. वर्षभर त्यांनी त्याला चहूबाजूंनी पाहिलं होतं, भिंगातून पाहिलं होतं. आता वाटलं, निदान याने तरी आपल्याकडे बघावं. उद्यापासून आपल्याच घरी राहायचं आहे त्याला.

गरुडाची नजर त्यांच्या नजरेला मिळेना.

ती त्यांच्या खांद्याजवळून, अगदी केसभर अंतराने, बाजूला जात होती. कोरणाऱ्याचा हात चुकला असेल, असं आधी त्यांना वाटलं. ते थोडे डावीकडे सरकले. नजर आता दुसऱ्या खांद्याजवळून जात होती. ते ताठ बसले, मग वाकले. एकदा तर चौरंगाच्या पार कडेवर जाऊन बसले. पण नाही. ती नजर कुणावर तरी होती, एवढं निश्चित. इतकी प्रेमाने, इतकी पोटभर बघणारी नजर भिंतीवर असूच शकत नव्हती. फक्त ती त्यांच्यावर नव्हती.

“काय चुळबूळ चाललीया?” आक्कांनी विचारलं.

“तो माझ्याकडे बघत नाही, आक्का.”

“तुझ्याकडं कशाला बगंल?”

अच्युतराव पुन्हा मधोमध सरकले. त्यांना वाईट वाटलं. लहानपणी शाळेच्या स्नेहसंमेलनात रंगमंचावर उभे असताना आईची नजर शेजारच्या धाकट्या भावावर खिळलेली पाहून वाटलं होतं, अगदी तसं. साठी उलटलेल्या माणसाला एका लाकडाच्या गरुडाने रडू आणावं याची त्यांना लाज वाटली. पण आलं खरं.

त्यांना घरचा विष्णू आठवला. ते हसू. लिलावात त्याच्यावर लोकांनी किती नजरा रोखल्या होत्या! घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने त्याच्याकडे बघितलं होतं, फोटो काढले होते, किंमत विचारली होती. आपणही रोज रात्री दिवा लावून बघत आलो. असं मात्र कुणी बघितलं नव्हतं. आपणसुद्धा नाही…

“बिचारा,” ते पुटपुटले.

“कोन?” आक्कांनी विचारलं.

“माझा विष्णू.”

आक्कांनी सालांचा ढीग बाजूला सारला. त्या दिव्याच्या वाती वळायला बसल्या.

सांजेला आरती झाली. सगळं गाव लोटलं होतं. बाळोबांनी घंटा वाजवली, पण तोंड सुतकी होतं. एका वासराने मठ बुडवला नव्हता, तो आता एका पुणेकराने बुडवला, असंच त्यांच्या मनात असावं. लोकांनाही आता आक्कांनी दिलेल्या शब्दाची कुणकुण लागली होती. सकाळचा हशा कुठल्या कुठे पळाला होता. आरतीचं तबक अच्युतरावांपुढे फिरलं, आणि कापराच्या उजेडात गरुडाचे डोळे जिवंत झाल्यासारखे दिसले.

“झाली आरती,” आक्का म्हणाल्या.

अच्युतराव उठले. पाय मुंग्यांनी बधिर झाले होते. मुश्ताकने पुढे होऊन त्यांना आधार दिला.

“साहेब, पेटी आणू?” त्याने हळूच विचारलं.

पडवीतले सगळे पुढे सरकले.

“माग,” आक्का म्हणाल्या. “शब्द दिलाय मी.”

अच्युतराव लंगडत गरुडाजवळ गेले. त्यांनी खिशात हात घातला. भिंग हाताला लागलं, ते तसंच राहू दिलं. मग खाली बसून त्यांनी गरुडाचे जोडलेले हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरले. घामेजलेल्या तळव्यांत.

लाकूड उबदार होतं. दिवसभर किती जणांनी ते धरलं होतं!

ते बराच वेळ तसेच बसून राहिले. आणि गरुडाच्या खांद्याला खांदा लावून, तो बघत होता तिकडे त्यांनी पाहिलं…

“नको, आक्का,” ते म्हणाले.

“आँ?”

“गरुड नको. त्याला इथून हलवू नका. कुणी कितीही मागितला तरी देऊ नका.”

बाळोबांनी हातातली घंटा अशी काही वाजवली की चिंचेवरचे बगळे उडाले. म्हातारे एकमेकांच्या पाठीवर थापा मारू लागले. सकाळी ज्याने अच्युतरावांच्या टकलावरून रंग उडाल्याचा शेरा मारला होता, त्याने त्यांना चक्क मिठी मारली.

“थांबा, थांबा,” अच्युतराव म्हणाले. त्यांचा चेहरा सकाळच्यापेक्षा कितीतरी मोकळा झाला होता. “मला अजून बोलायचंय. आक्का, सकाळी मी उलटंच बोललो. खरंच, अडलंय ते माझ्याच देवाचं. मी माझा विष्णू इथे आणतो. काच नको, कुलूप नको. या आसनावर बसवू. तुम्ही सगळे त्याच्याकडे असे बघाल… आणि हा गरुडही बघेल. इतकी वर्षं बिचारं आसन रिकामं आहे.”

मुश्ताक आ वासून बघत राहिला. त्या विष्णूला पुसायलासुद्धा साहेब दुसऱ्याचा हात लागू देत नसत, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं?

बाळोबांना तर हुंदकाच आवरेना. “आक्का, देव येतोय! आपल्या मठात देव येतोय!” बायांनी ओव्या धरल्या. कुणी नारळ आणायला पळालं.

तुंगाक्का चौरंगापाशी गेल्या. अच्युतरावांच्या बसण्याने चुरगळलेलं फूल त्यांनी अलगद उचललं, पदराच्या टोकाने आसन पुसलं आणि त्यावर नवं फूल ठेवलं. मग त्या अच्युतरावांकडे वळल्या. त्यांच्या बोळक्या तोंडभर हसू होतं.

“लई मोठं मन केलंस बाबा. पर ह्या आसनावर बसलेल्याला उठवायचं न्हाई, हे तुला सकाळीच सांगितलं हुतं न्हवं?”